अनवाणी भरती

जुलै लागला की नर्मदाकाठच्या आमच्या शहरातल्या कॉलेजांच्या फाटकांशी दोन प्रकारची मुलं दिसतात. एक, मार्कशीटची फाइल छातीशी धरलेली. आणि दुसरी, खांद्याला किटबॅग अडकवून, कुठे उभं राहावं ते न कळून भिंतीला टेकलेली. या दुसऱ्या मुलांचे बाप थोडे लांब उभे असतात. मुलाने काही चोरून आणलंय आणि ते विकायला आपण सोबत आलोय, असा काहीसा त्यांचा चेहरा असतो. मी आता नव्वदीकडे झुकलो आहे, पण या दिवसांत माझे पाय आपोआप मैदानाकडे वळतात. चिखलाचा, ओल्या चामड्याचा आणि गाडीवर भाजणाऱ्या भुट्ट्यांचा मिळून एक वास असतो. तो आला की माझ्या लेखी वर्ष सुरू होतं.

यंदा मैदानच माझ्या घरी आलं. माझ्या जुन्या कॉलेजच्या नव्या क्रीडाशिक्षिका नेहा मॅडम मोबाइल घेऊन दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या जिन्यावरून धडधडत वर आल्या. आता मुलं आपापल्या खेळाची चित्रफीत आधीच पाठवतात. मॅडम एकेक दाखवत होत्या.

"सर, बताइए ना, इस बार की बैच कैसी है? दस में से कितने नंबर?"

"बेटा, मला यातला चेंडूसुद्धा दिसत नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या. मग मुख्य गोष्ट निघाली. दरवर्षी नव्या भरतीतल्या सर्वांत चांगल्या खेळाडूला कॉलेज एक ढाल देणार आहे आणि तिला माझं नाव देणार आहे. "पूरा शहर जानता है सर, पैंसठ की भरती आपने चुनी थी. आप जैसी नज़र किसकी थी!"

त्या गेल्यावर चहाचा कप तसाच गार झाला. पासष्टची भरती मी निवडलेली नाही. ती निवडली वसंता उमरेडकरने. मी तिला नापास केलं होतं. ही साधी तीन वाक्यं मी साठ वर्षं बोललो नाही. आता माझ्या नावाची ढाल होण्याआधी ती बोलून टाकतो, आणि जमेल तेवढं त्या पावसाळ्याबद्दलही सांगतो. कारण माझ्या चुकीपेक्षा तो पावसाळा फार मोठा होता.

मी तेव्हा इतिहासाचा तरुण प्राध्यापक होतो आणि फुटबॉलचं खातं माझ्याकडे होतं. वसंता संघाचा कप्तान, शेवटच्या वर्षाला. उंच, किंचित वाकून चालणारा, मिशी फुटायच्या आधीच आवाज घोगरा झालेला. त्याचे वडील दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होते. तसे तर त्या काळी सगळ्यांचेच वडील फॅक्टरीत होते. बासष्टच्या लढाईनंतर आमच्या शहराच्या छातीत जणू नवं इंजिन बसवलं होतं. सकाळी भोंगा वाजला की रांझीच्या रस्त्याला सायकलींचा पूर यायचा, आणि संध्याकाळी तोच पूर तेलाचा आणि लोखंडाचा वास घेऊन उलटा वाहायचा. पासष्टच्या उन्हाळ्यात तर सीमेवरच्या बातम्या तापल्या होत्या. फॅक्टरीत ओव्हरटाइम होता, माणसं कमी पडत होती, आणि दारात उभ्या राहिलेल्या धडधाकट पोराला कोणी परत पाठवत नव्हतं.

आणि आम्हालाही तीच पोरं हवी होती.

भरतीची आमची रीत अशी होती. मॅट्रिकचे निकाल लागले की कॉलेजचा माणूस वस्त्यावस्त्यांतून फिरायचा. गढ्याच्या तलावाकाठी कोण खेळतं, रेल्वे कॉलनीत कोणाचा डावा पाय चांगला, फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये कोण गोलात उभं राहतं, हे सगळं पानटपरीवर कळायचं. मग त्या घरी जायचं. फी माफ, होस्टेलची खोली, मेसचं जेवण आणि वर रोज दूध, एवढं आमच्याकडे द्यायला होतं. एका कॉलेजाने तर एका सेंटर फॉरवर्डला प्रवेशाची मुदत संपेपर्यंत नरसिंहपूरला त्याच्या आत्याकडे लपवून ठेवलं होतं, दुसऱ्या कॉलेजच्या हाती लागू नये म्हणून. आत्याने त्याला इतकं खाऊ घातलं की परत आला तेव्हा तो धावेना. ही गोष्ट आम्ही पुढे प्रत्येक भरतीत सांगायचो.

गोविंदाच्या घरची संध्याकाळ मला अजून दिसते. गोविंदा गोलकीपर. क्वार्टरच्या ओट्यावर मी आणि वसंता बसलो होतो. त्याची आई दाराच्या चौकटीला धरून उभी.

"दूध रोज देतील का मॅचच्याच दिवशी?" तिने विचारलं.

"रोज, काकू," वसंता म्हणाला. "मी पिऊन राहिलो ना दोन वर्षं. बघा माझ्याकडे."

"तुझ्याकडे बघूनच विचारते बावा. हाडं दिसून राहिली तुझी."

गोविंदाचे वडील नुकतेच पाळीवरून आले होते. पायावर पाणी घेत म्हणाले, "फॅक्टरीत साहेब म्हणतात उद्या ये. तुम्ही म्हणता तीन वर्षांनी बी.ए. होईल. बी.ए. होऊन जाईल कुठं? फॅक्टरीतच ना!"

वसंता लगेच म्हणाला, "जाईल काका. पण तुमच्यासारखा कामगारांच्या फाटकातून नाही जायचा. त्याची सायकल साहेबांच्या शेडमध्ये लागेल."

ते खळखळून हसले, आणि गोविंदा आमचा झाला. असे पाच जण आम्ही गोळा केले. त्यातला गढ्याचा सलीम हा वसंताचा लाडका. किडकिडीत, चेंडू पायाला चिकटून असलेला, बोलणं जवळजवळ नाहीच.

मग आली चाचणी. इथेच माझं शहाणपण आडवं आलं.

नागपूरला एका प्रशिक्षण शिबिरात मी नवं नवं शिकून आलो होतो. स्पर्धांमध्ये बूट सक्तीचे झाले होते, तेव्हा चाचणीसुद्धा बुटांतच होईल असा नियम मी केला. नियम करताना मला फार आधुनिक वाटलं होतं. ही मुलं जन्मापासून अनवाणी खेळलेली. कॉलेजच्या स्टोअरमधले बूट मोजक्या मापांचे, वर्षभर पडून लाकडासारखे कडक झालेले. कोणी टोकात कागदाचे बोळे कोंबले, कोणी दोन दोन मोजे चढवले. मैदानावर उतरल्यावर त्यांची चाल नुकतीच नाल ठोकलेल्या बैलांसारखी झाली. सलीम चेंडूवरून पाय टाकायला गेला आणि चिखलात आडवा झाला. पुन्हा उठला, पुन्हा आडवा. गोविंदा उडी मारण्याआधी खाली पायाकडे बघायचा. कडेला बसलेली जुनी मुलं शिट्ट्या मारत होती. "अबे, चप्पल दे दो इसको!"

मी प्राचार्यांना सांगितलं, यंदाच्या भरतीत दम नाही.

प्राचार्य सरळ माणूस होते. म्हणाले, "मग सवलत अडवून कशाला ठेवायची? शनिवारी पाचही जागा मोकळ्या करू. मुलांना सांगा, फॅक्टरीत घेतायत, वेळ दवडू नका." त्यात दुष्टावा काही नव्हता. फी भरून शिकेल असा त्या पाचांत एकही नव्हता. जागा गेली की कॉलेज गेलं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

त्या संध्याकाळी वसंता आमच्या घरी आला. माझ्या आईने त्याच्यासमोर पोह्यांची ताटली ठेवली. त्याने तिला हात लावला नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"सर, काहून असं करून राहिले तुम्ही?"

"तू पाहिलंस ना आज? स्पर्धा बुटांची आहे वसंता. अनवाणी कोण कसं खेळतं याचा उपयोग काय?"

"बूट शिकवता येतो सर. आपण पाय शोधायला गेलो होतो. बूट शोधायला गेलो असतो तर दुकानातच गेलो असतो ना!"

"उलट बोलू नकोस."

"नाही बोलत. रविवारी फॅक्टरीच्या संघाशी एक मॅच लावतो. यांना अनवाणी खेळू द्या. तुम्ही फक्त या."

"शनिवारी निर्णय आहे."

"मग प्राचार्यांना सांगून सोमवार करा."

"मी माझं मत दिलंय," मी म्हटलं. त्या वाक्यातला ताठा मला आजही ऐकू येतो. पोहे तसेच राहिले. आईने मला त्याबद्दल नंतर बरंच ऐकवलं, पण फुटबॉलबद्दल नव्हे, उपाशी पाठवलेल्या पोराबद्दल.

वसंता दुसऱ्या दिवशी स्वतः प्राचार्यांकडे गेला. काय बोलला ते मला तेव्हा माहीत नव्हतं. निर्णय सोमवारवर गेला आणि रविवारी प्राचार्य छत्री घेऊन फॅक्टरीच्या मैदानावर हजर होते. मी उशिरा गेलो. जायचं नाही असं ठरवून घरातून निघालो होतो आणि तरी तिथेच पोहोचलो.

ते मैदान! पाळी सुटलेली माणसं डबे हातात घेऊन कडेला दाटीने उभी होती. बुटातले फॅक्टरीचे धिप्पाड गडी, आणि समोर आमची पाच अनवाणी पोरं जुन्या खेळाडूंत मिसळलेली. पावसाने भिजलेला चामड्याचा चेंडू दगडासारखा जड झाला होता. सलीम तो पायाच्या बोटांनी उचलत होता. खरंच उचलत होता, दुसरा शब्द नाही. चिखलात फॅक्टरीवाल्यांच्या बुटांचे स्टड रुतत होते आणि ही पोरं त्यावरून बदकांसारखी सरकत जात होती. गोविंदाने एक फटका असा अडवला की त्याच्याच वडिलांच्या पाळीतला एक माणूस ओरडला, "अरे, किसका लौंडा है ये?" आणि कडेला उभ्या असलेल्या गोविंदाच्या वडिलांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. सामना बरोबरीत सुटला. फॅक्टरीचा संघ त्या वर्षी शहरात कुणाला बरोबरी देत नव्हता.

प्राचार्य माझ्याकडे आले आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "आत्ता कळलं. आधी मुद्दाम वाईट बोललात, मग ही परीक्षा लावलीत. उमरेडकर म्हणाला, सरांनीच पाठवलंय. वा, पारख असावी तर अशी!"

मी वसंताकडे पाहिलं. तो चिखलाने माखलेला, दोन हात कमरेवर ठेवून धापा टाकत होता. त्याने माझी नजर चुकवली नाही. शांतपणे म्हणाला, "होय सर. सरांनीच सांगितलं होतं."

फुटबॉलचा इन्चार्ज, म्हणजे मी, अजूनही मुलांच्या विरोधातच आहे हे कळलं असतं तर प्राचार्यांनी जागा दिल्या नसत्या. वसंताला जागा हव्या होत्या. त्यासाठी त्याने स्वतःचं श्रेय माझ्या हातात ठेवलं, आणि मी ते खिशात घातलं. एवढाच प्रसंग. सांगायला अर्धं मिनिट लागतं.

पुढचे महिने मात्र मी मनापासून राबलो. तेवढा अभिमान माझा मला आहे. वसंताने मुलांना बूट घालायला शिकवायची एक अघोरी रीत काढली. बूट बादलीत भिजवायचे, ओलेच पायात चढवायचे आणि वाळेपर्यंत काढायचे नाहीत. वर्गात बूट, मेसमध्ये बूट, ग्वारीघाटापर्यंत चालत जाऊन परत येईतो बूट. घाटावरच्या पंड्यांना वाटलं ही फौजेची पोरं आहेत. "जवानो, नर्मदा मैया रक्षा करे!" असा आशीर्वाद त्यांनी फुकट दिला. पायांना फोड आले, ते फुटले. आईने मोहरीच्या तेलात कापूर घालून बाटली भरून दिली. मी वर्गात अशोकाचं राज्य शिकवत असायचो आणि मागच्या बाकाखालून कापराचा वास यायचा. हळूहळू चामडं पायासारखं झालं. एके दिवशी सलीम बुटातच चेंडू बोटांनी उचलताना दिसला. वसंता माझ्या शेजारी होता. त्याने कोपराने मला ढोसलं.

सप्टेंबरात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटले, मैदानाच्या एका टोकाला खंदक खणला गेला. आम्ही सराव दुपारी ओढला. फॅक्टरी दिवसरात्र घुमत होती. मुलांना मेसच्या रेडिओसमोरून उठवून मैदानावर आणावं लागे, आणि मैदानावर आली की ती इतक्या चिडीने खेळत, जणू पलीकडचा गोल म्हणजे सीमाच आहे. अशा दिवसांत फुटबॉल खेळावा का, असं एकदा मी मोठ्याने म्हटलं. गोविंदाचे वडील तिथेच होते. पाळीआधी पाच मिनिटं पोराला बघायला यायचे. म्हणाले, "खेळू द्या मास्तर. आम्ही आत दिवसभर काय बनवतो ते घरी सांगता येत नाही. पोरगं काय करतं ते तरी सांगता येते."

लढाई थांबली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वसंता फॅक्टरीत लागला. घरात तो थोरला होता, वडिलांनी शब्द टाकला होता, आणि असं दार रोज उघडत नाही. कॉलेज सोडलं म्हणून कप्तानपदही सुटलं. ज्याने पाच जणांना त्या फाटकापासून दूर ठेवलं, तो स्वतः आत गेला. मी त्याला अडवलं नाही. अडवायला माझ्याजवळ काय होतं? दूध?

हिवाळ्यात आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला आणि आम्ही जिंकलो. दोन्ही गोल सलीमचे. दोरीपलीकडे फॅक्टरीची खाकी गर्दी होती आणि तिच्यात वसंता होता, कपड्यांवर तेलाचे डाग, घोगऱ्या आवाजात ओरडून ओरडून घसा बसलेला. संघाचा फोटो काढला तेव्हा मी मध्यभागी खुर्चीत बसलो. दुसऱ्या दिवसापासून मी शहरात "पारखी सर" झालो. नंतरच्या अनेक भरत्या मी निवडल्या. काही चांगल्या निघाल्या, काही साधारण. पण लोक बोलले ते पासष्टबद्दलच.

आणि बोलावं अशीच होती ती! सलीम प्रदेशाच्या संघातून खेळला आणि पुढे शाळेचा हेडमास्तर झाला. गोविंदा खरोखरच फॅक्टरीत गेला, अधिकारी म्हणून, आणि त्याची सायकल नव्हे, स्कूटर साहेबांच्या शेडमध्ये लागली. उरलेल्या तिघांत एक रेल्वेत, एक डॉक्टर आणि एक रायपूरला शिकवायला. पाचही घरांत पहिल्यांदा पदवी आली. नवी भरती कशी आहे, असं लोक जुलैत विचारतात. मला वाटतं, त्याचं उत्तर त्या मुलांची मुलं देतात.

नेहा मॅडम येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून गढ्याला गेलो. वसंता आता तिथेच मुलाकडे असतो. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता. आम्ही दरवर्षी भेटतो, सणावारी, लग्नकार्यात. पण ही गोष्ट आम्ही कधी काढली नव्हती. मी ढालीचं सांगितलं. मग म्हटलं, "मी त्यांना खरं सांगणार आहे. लिहूनही काढणार आहे."

"राहू द्या सर. आता काहून?"

"तुला कधी वाईट वाटलं नाही?"

त्याने भाजीच्या गाडीला वाट द्यायला खुर्ची मागे ओढली. मग म्हणाला, "वाटलं ना. एकदाच. फोटोच्या दिवशी. तुम्ही हाक माराल असं वाटलं होतं."

क्षमा हा शब्द इतक्या वर्षांनंतर काढायचीच लाज वाटली. त्यानेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण सर, टीम काय होती! खरं सांगा, होती का नाही तशी दुसरी?"

"नव्हती."

"मग चला. चाचणी चालू आहे ना आज? यंदाचे पोट्टे पाहू."

मैदानावर बारीक पाऊस होता. रंगीबेरंगी बुटांतली मुलं आणि हो, आता मुलीही, धावत होती. नेहा मॅडम लगबगीने माझ्याकडे आल्या. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, आधी ओळख करून घ्या. हे वसंतराव उमरेडकर. पासष्टची भरती यांनी निवडली. मी विरोधात होतो. ढालीला नाव द्यायचं तर यांचं द्या."

त्या गोंधळल्या. एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत राहिल्या. आसपासची मुलं थांबली. वसंता कधी नव्हे तो कानकोंडा झाला आणि खाली चिखलात बघू लागला. मग मॅडमनी दोन्ही हात जोडले आणि खेळाडूंची गर्दी जरा बाजूला सारून त्याला पुढे बोलावलं. "आइए सर. बताइए, किसको देखें?"

"सर," असं त्याला त्या मैदानावर पहिल्यांदाच कोणी म्हटलं असेल. तो दोरीपाशी गेला, किंचित वाकून, त्या जुन्या चालीने. एकेकाला न्याहाळत राहिला. मग एका कोपऱ्यात, चेंडूच्या मागे न धावता नुसत्या उभ्या असलेल्या एका मुलीकडे त्याने बोट केलं.

"उसको खेलने दो. अभी उसे किसी ने बॉल दिया ही नहीं."

पाऊस वाढला. मी छत्री उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरून मागे उभा राहिलो.